दोन उंटांसमोरचा घोडा

१८५१ मध्ये लंडनमध्ये ‘चेस स्टडीज’ नावाचे एक पुस्तक निघाले. लेखक दोघेही जर्मन. योझेफ क्लिंग हे मूळचे माइन्ट्सचे, पेशाने संगीतकार. पुढे त्यांनी लंडनमध्येच बुद्धिबळप्रेमींसाठी कॉफीगृह चालवले. बर्नहार्ड हॉर्विट्झ चित्रकार होते. पट रिकामा होत आला आणि चार-पाच मोहरी उरली की खरा प्रश्न सुरू होतो, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. त्या पुस्तकात त्यांनी एक स्थिती मांडली: एका बाजूला राजा आणि दोन उंट, दुसऱ्या बाजूला राजा आणि एकच घोडा. प्यादे एकही नाही. घोडा पटाच्या कोपऱ्यालगत, म्हणजे बी-७ सारख्या घरात बसलेला आणि त्याचा राजा त्याला चिकटून उभा. क्लिंग-हॉर्विट्झ यांचा निर्वाळा असा, की ही तटबंदी अभेद्य आहे. उंटांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी घोडा मरत नाही आणि राजा हटत नाही. डाव बरोबरीत.

हा निर्वाळा शंभराहून अधिक वर्षे टिकला. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि शिक्षकांनी शिकवला. खेळाडूही अडचणीत आले की घोडा त्या घराकडे वळवू लागले. त्यात गैर काही नव्हते. दोन उंट पटावर कितीही देखणे दिसले तरी ही कोंडी फोडण्याची युक्ती कुणालाच सापडत नव्हती. जे कुणालाच जमत नाही ते अशक्यच असणार, असे माणूस धरून चालतो.

‘हा शेवट जिंकता येतो का?’ हा वाद बुद्धिबळाइतकाच जुना आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात अस-सूली नावाचा विद्वान शतरंज खेळत असे. त्याने एक कूट मागे ठेवले. दोन्ही बाजूंना फक्त राजा आणि एकेक वजीर. त्या काळचा वजीर आजच्यासारखा पटभर धावणारा नव्हता; तिरके एकच घर चालायचा. समोरच्याचा तो दुबळा वजीर टिपला की राजा एकटा पडतो, आणि शतरंजच्या नियमांनुसार एकटा राजा म्हणजे हार. आपण ज्याला शिकवले त्याच्याखेरीज हे कूट कुणाला सुटणार नाही, असा अस-सूलीचा दावा होता. पटावर चारच मोहरी असूनही हजार वर्षे ते सुटले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियाचे युरी आवेरबाख यांनी त्याची उकल केली. डावाच्या शेवटांवर जाडजूड ग्रंथमाला लिहिलेल्या माणसाने ते सोडवावे, हे योग्यच झाले.

अशा कूटांची आवड आपल्याकडेही होती. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत उतरवून छापला गेला. मोजक्या मोहऱ्यांच्या अटीतटीच्या स्थिती मांडायच्या आणि वाचकाने त्यातून मात शोधायची, असे त्याचे स्वरूप. मुंबईत छापखाने मोजकेच होते, त्या काळात बुद्धिबळाच्या पुस्तकाला जागा मिळाली, ही या शहराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

युरोपात या प्रश्नाचा पाठलाग जिद्दीने झाला. फिलिदोर यांनी १७४९ च्या ग्रंथात हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती या शेवटात जिंकणारी एक स्थिती दाखवली. इटलीतल्या लोल्ली यांनी १७६३ मध्ये वजिराविरुद्ध दोन उंटांनी टिकून राहण्याची जागा शोधली. पण या साऱ्या परंपरेत मनाला सर्वाधिक भिडते ती अलेक्सेई त्रोइत्स्की यांची चिकाटी. हे रशियातले वनाधिकारी. मोठ्या शहरांपासून आणि स्पर्धांपासून दूर, रानातल्या चौकीत पट मांडून बसणारे. त्यांनी निवडलेला प्रश्न वरवर पाहता वेडाचा वाटतो: दोन घोडे विरुद्ध एक प्यादे.

दोन घोड्यांनी एकट्या राजाला जबरदस्तीने मात देता येत नाही, हे शाळकरी खेळाडूलाही माहीत असते. शेवटच्या क्षणी राजाला शह नसतो, पण हलायला घरही नसते, आणि डाव स्टेलमेट होऊन बरोबरीत जातो. मात्र त्याच राजाकडे एक प्यादे असेल तर चित्र पालटते. राजा कोंडला गेला तरी प्यादे हलवता येते, त्यामुळे स्टेलमेट होत नाही, आणि त्या एका जादा चालीत दुसरा घोडा येऊन मात देतो. बचाव करणाऱ्याची संपत्तीच त्याचा घात करते. पण प्यादे फार पुढे सरकलेले असेल तर ते वेळेआधी वजीर होते. मग नेमके कुठवर सरकलेले प्यादे चालेल? एका घोड्याने ते कुठे अडवून धरायचे? त्रोइत्स्की यांनी वर्षानुवर्षे हाताने हिशेब करून पटावर एक सीमारेषा आखली. काळे प्यादे त्या रेषेच्या अलीकडे रोखलेले असेल तर घोडे जिंकतात. काही स्थितींमध्ये त्यासाठी शंभराहून अधिक चाली लागतात.

१९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात त्रोइत्स्की उपासमारीने गेले. त्यांची कागदपत्रेही त्या युद्धात नष्ट झाली. पुढे संगणकाने दोन घोड्यांचा हा शेवट अथपासून इतिपर्यंत तपासला, तेव्हा त्रोइत्स्की यांची रेषा जवळजवळ जशीच्या तशी बरोबर निघाली. मानवी बुद्धीच्या इतिहासात अशा गोष्टींची नोंद मोठ्या अक्षरांत व्हायला हवी.

त्रोइत्स्की यांच्या शोधाने आणखी एक भांडण उभे केले. बुद्धिबळात पन्नास चालींचा नियम आहे. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चालींत ना प्यादे हलले, ना मोहरे मारले गेले, तर बरोबरीचा दावा करता येतो. सोळाव्या शतकात स्पेनचे पाद्री रुय लोपेझ यांच्या पुस्तकातही ही मर्यादा आहे. नियमामागचा हेतू सरळ आहे. एखाद्याने जिंकता येत नसताना समोरच्याला रात्रभर ताटकळत ठेवू नये. पण जिंकण्यालाच शंभर चाली लागत असतील तर? मग पटावर जिंकलेला डाव नियमाने बरोबरीत जातो. म्हणून जागतिक संघटना फिडेने काही शेवटांसाठी सवलत ठेवली होती. ही सवलत कोणाला द्यायची हे ठरवायचे तर कोणता शेवट जिंकता येतो आणि किती चालींत, हे आधी माहीत हवे. ते खात्रीने सांगणारा कुणीच नव्हता.

सांगणारा भेटला तो न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्पसन हे नाव संगणकाच्या जगात युनिक्स या प्रणालीमुळे अजरामर आहे. बुद्धिबळ हे त्यांचे दुसरे प्रेम. जो कॉन्डन यांच्यासह त्यांनी ‘बेल’ नावाचे बुद्धिबळ खेळणारे यंत्र बांधले. १९८० मध्ये ते संगणकांचे जगज्जेते झाले. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळे होते. डाव पुढे खेळत नेऊन उत्तर शोधण्याऐवजी त्यांनी तो शेवटाकडून मागे नेला.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे. वजीर आणि राजा विरुद्ध हत्ती आणि राजा हे उदाहरण घेऊ. या चार मोहऱ्यांच्या पटावरच्या शक्य तितक्या सगळ्या मांडण्या यंत्राने नोंदवायच्या. त्यांतल्या ज्यांत मात झालेलीच आहे त्यांवर खूण करायची. मग पाहायचे की कोणत्या मांडणीतून पांढरा एका चालीत त्या खुणेवर पोहोचतो. त्यांवर ‘एक’ लिहायचे. त्यानंतर पाहायचे की काळ्याने काहीही केले तरी तो खुणेच्याच मांडणीत जाऊन पडतो, अशा जागा कोणत्या. मग पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. असे मागे मागे जात राहायचे. एक वेळ अशी येते की नवीन खूण करायला जागाच उरत नाही. तेव्हा ज्यांवर आकडा आहे त्या जिंकलेल्या आणि ज्या कोऱ्या राहिल्या त्या बरोबरीच्या. यात अंदाज नाही, अनुभव नाही, मतभेदही नाही. ही कल्पना गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९६५ मध्ये मांडली होती, आणि म्युनिकमध्ये थॉमस श्ट्रोलाइन यांनी १९७० च्या प्रबंधात काही छोटे शेवट याच रीतीने सोडवले होते. थॉम्पसन यांनी ती रीत मोठ्या शेवटांपर्यंत नेली. अशा तक्त्यांना पुढे टेबलबेस हे नाव पडले.

वजीर विरुद्ध हत्ती हा शेवट सोपा, असे सगळी पुस्तके सांगत होती. १९७७ च्या सुमारास थॉम्पसन यांनी हत्तीची बाजू यंत्राकडे दिली आणि चांगल्या खेळाडूंना वजीर घेऊन जिंकून दाखवायला सांगितले. अमेरिकेचा विजेता ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन याने शंभर डॉलरची पैज लावली. तक्त्यानुसार सर्वांत अवघड जागेवरूनही ३१ चालींत हत्ती टिपता येतो किंवा मात होते. ब्राउनला पन्नास चालींत जमले नाही. हत्ती आपल्या राजाजवळ ठेवावा, अशी पुस्तकी शिकवण. यंत्र मात्र तो खुशाल राजापासून लांब नेत होते, आणि तरी वजिराच्या हाती लागू देत नव्हते. ब्राउन हरला, पण चिडून उठून गेला नाही. काही आठवडे त्याने हाच शेवट घोटला, दुसऱ्यांदा बसला आणि बरोबर पन्नासाव्या चालीला हत्ती टिपला. पुस्तकांनी एका ओळीत निकालात काढलेला शेवट एका ग्रँडमास्टरला इतका घाम फोडतो, हे कळल्यावर बुद्धिबळाच्या जगात चुळबुळ सुरू झाली.

मग १९८३ उजाडले. थॉम्पसन यांनी पाच मोहऱ्यांच्या शेवटांपर्यंत मजल मारली होती, आणि त्यात दोन उंट विरुद्ध घोडा हा शेवटही आला. तक्ता तयार झाला. कोऱ्या राहायला हव्या होत्या अशा मांडण्यांवर आकडे उमटलेले होते. उंट जवळपास सगळीकडून जिंकत होते. सर्वांत लांबच्या जागेवरून ६६ चाली लागत होत्या. क्लिंग-हॉर्विट्झ यांची तटबंदीही त्यात फुटली. अचूक खेळाने घोड्याला त्या घरातून उठावेच लागते. तो धडपडत दुसऱ्या कोपऱ्याकडे निघतो, तिथे पुन्हा बस्तान बसवायचा प्रयत्न करतो, आणि या वेळी उंट त्याला स्थिरावू देत नाहीत.

हा निकाल लंडनमधून निघणाऱ्या ‘ईजी’ या नियतकालिकातून जगापुढे आला. केवळ डावाच्या शेवटांना वाहिलेले हे नियतकालिक जॉन रॉयक्रॉफ्ट यांनी १९६५ मध्ये सुरू केले होते. रॉयक्रॉफ्ट इथेच थांबले नाहीत, यातच त्यांचे मोठेपण आहे. यंत्राला जे कळले ते माणसाला शिकता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. ग्लासगोच्या ट्युरिंग इन्स्टिट्यूटमध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातले जाणते संशोधक डोनाल्ड मिची यांच्या पुढाकाराने त्यांनी हा प्रयोग अंगावर घेतला. तक्त्यातल्या चालींची छाननी केली, त्या लांबलचक मोहिमेचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यात उंट नेमके काय साधतात याचे वर्णन शोधले. बरेच काही हाती लागले. निर्विवाद प्रभुत्व मात्र त्यांनाही मिळाले नाही. अगदी जवळच्या दिसणाऱ्या दोन मांडण्यांपैकी एकीत पाच चालींत काम होते आणि दुसरीत तीस लागतात. असे का, ते यंत्र सांगत नव्हते. तक्त्यात आकडा असतो, कारण नसते.

नियम करणाऱ्यांची तारांबळ उडाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिडेने काही ठरावीक शेवटांसाठी पन्नासच्या जागी ७५ चालींची मुभा दिली. दोन उंट विरुद्ध घोडा त्या यादीत होता. पण संगणक दर काही महिन्यांनी नवा शेवट, नवा आकडा घेऊन येऊ लागला. यादी कुठवर वाढवायची? १९९२ मध्ये फिडेने सगळ्या सवलती काढून टाकल्या आणि सरसकट पन्नास चालींवर परतली. तो निर्णय शहाणपणाचा होता. स्पर्धेचा पंच हातात तक्ते घेऊन बसू शकत नाही आणि खेळाडूंनाही झोप लागते. पण त्याची किंमतही मोजावी लागली: जिंकता येतो हे गणिताने सिद्ध झालेला डाव बरोबरीत सुटण्याची तरतूद नियमातच कायमची बसली.

आकडे पुढे आवाक्याबाहेर गेले. १९९१ मध्ये लुइस स्टिलर यांनी हजारो प्रोसेसर एकत्र चालवणाऱ्या यंत्रावर सहा मोहऱ्यांचा एक शेवट सोडवला: हत्ती आणि घोडा विरुद्ध दोन घोडे. बाजी फिरवणारे मोहरे मारायलाच २४३ चाली लागत होत्या. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या ‘लोमोनोसोव्ह’ महासंगणकावर सात मोहऱ्यांचे तक्ते पुरे झाले. त्यांनी १४० टेराबाइट जागा घेतली आणि त्यांतली सर्वांत लांब मात ५४९ चालींची निघाली. त्या डावातली दोनशेवी चाल उघडून ग्रँडमास्टरसमोर ठेवली तरी इथे नेमके काय चालले आहे ते त्याला सांगता येणार नाही. राजे इकडून तिकडे फिरतात, घोडा निघून जातो आणि परत येतो, आणि पटावर काही घडते आहे असे वाटतच नाही.

याच्या अगदी उलट टोकाला रिकार्ड रेटी यांचे १९२१ चे कूट आहे. पांढरा राजा एच-८ वर, त्याचे प्यादे सी-६ वर. काळा राजा ए-६ वर, त्याचे प्यादे एच-५ वर. चाल पांढऱ्याची. काळे प्यादे वजीर व्हायला सुसाट निघालेले, पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे. आणि पांढऱ्या प्याद्याला तर काळा राजा केव्हाही गिळेल. पाहणारा म्हणतो, संपले. पण पांढरा राजा सरळ न धावता तिरका निघतो: जी-७, मग एफ-६. प्रत्येक पावलात तो शत्रूच्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि स्वतःच्या प्याद्याच्याही. काळ्याला एकाच वेळी दोन्हीकडे पाहता येत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. बुद्धिबळाच्या पटावर राजाला तिरकी वाट सरळ वाटेइतकीच लांब पडते, एवढे एकच सत्य यात आहे. टेबलबेस या चार मोहऱ्यांचा निकाल क्षणात देतो, आणि रेटी बरोबर होते असेच सांगतो. पण ज्याने ते कूट एकदा हाताने खेळून पाहिले त्याला तक्त्याची गरज उरत नाही. निकाल कळणे आणि तो समजणे यांतले अंतर या दोन उदाहरणांइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसेल.

सात मोहऱ्यांच्या पुढे मात्र पूर्ण तक्ता नाही. तिथे राज्य इंजिनांचे, म्हणजे चाली मोजून अंदाज सांगणाऱ्या बुद्धिबळ-प्रणालींचे. बरेचसे वाद इथेच पेटतात, कारण इंजिन आकडा दाखवते आणि लोक त्यालाच पुरावा समजतात. इंजिनाचा आकडा हे मत असते; फार जाणकाराचे, पण मतच.

संगणक येण्यापूर्वी हे काम रात्रभर जागून होत असे. १९६२ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना इथल्या ऑलिम्पियाडमध्ये जगज्जेता बोटविनिक आणि १९ वर्षांचा बॉबी फिशर यांचा डाव तहकूब झाला, तेव्हा हत्ती-प्याद्यांच्या शेवटात फिशर एका प्याद्याने वरचढ होता. सोव्हिएत संघाने रात्र त्या स्थितीवर काढली. बरोबरीची कल्पना येफिम गेलर यांना सुचली आणि बोटविनिकने डाव वाचवला. फिशरला ते मान्य नव्हते. आपण एका चालीत विजय घालवला, असे त्याने १९६९ च्या आपल्या पुस्तकात मांडले. बोटविनिकने तीही चाल बरोबरीकडेच जाते असे दाखवले. वाद दशकानुदशके चालला. बोटविनिकच्या बचावात भोके शोधणाऱ्यांत त्याच्याच बुद्धिबळ शाळेतला एक मुलगा होता, गॅरी कास्पारोव. एका बरोबरीच्या डावावर तीन जगज्जेत्यांनी इतकी वर्षे डोके लावावे, यातच या प्रश्नाची ओढ दिसते. १९९० च्या दशकात डाव तहकूब करण्याची प्रथाच मोडीत निघाली. रात्री हॉटेलच्या खोलीत माणसाऐवजी संगणक विचार करणार असेल, तर सकाळी पटावर बसणाऱ्याचे श्रेय कसले?

लंडनमध्ये २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. मॅग्नस कार्लसनकडे पांढरी मोहरी, फाबियानो कारुआनाकडे काळी. शेवटाकडे कारुआना मोहऱ्याने वरचढ होता, बदल्यात कार्लसनकडे प्यादी. पटाबाहेर नॉर्वेतला ‘सेसे’ हा महासंगणक डाव पाहत होता. ६८ व्या चालीला त्याने जाहीर केले की काळा जबरदस्तीने मात करतो. वाट अशी: उंट एच-४ वर न्यायचा, आणि दोन चालींनंतर घोडा जी-१ वर, म्हणजे पटाच्या कडेला, जिथे तो स्वतःच अडकून पडतो. कारुआनाने ते पाहिले नाही. कुणीच पाहिले नसते. माणसाने ही चाल खेळली असती तर त्याची झडती घ्यावी लागली असती, अशा आशयाची प्रतिक्रिया कास्पारोवने दिली. डाव ८० चालींनंतर बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या मथळ्यांत कारुआनाने विजय हुकवल्याचे होते. हा त्याच्यावर अन्याय होता. जो विजय पटावर बसलेल्या कुणाच्याही नजरेला येणे शक्य नव्हते, तो हुकला असे म्हणण्यात अर्थ नाही.

इंजिनही फसते, आणि नेमके तटबंदीपाशी. २०१७ मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या नावाच्या संस्थेने एक स्थिती लोकांपुढे ठेवली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिने काळा प्रचंड वरचढ असल्याचे सांगत राहिली. पण थोडे बारकाईने पाहिले की कळते, काळ्याचे वजीर आणि हत्ती त्याच्याच प्याद्यांच्या मागे कोंडले आहेत आणि तिन्ही उंट काळ्या घरांवर आहेत. पांढऱ्या राजाने फक्त पांढऱ्या घरांवर फिरत राहायचे. त्याला शहच बसत नाही. हौशी खेळाडूलाही दोन मिनिटांत दिसणारी ही गोष्ट कोट्यवधी चाली तपासणाऱ्या यंत्राला दिसली नाही, कारण ते चाली मोजत होते. अलीकडची इंजिने यात पुष्कळ सुधारली आहेत, तरी तटबंदी दिसली की अनुभवी विश्लेषक आजही आकड्यावर विसंबत नाही.

पन्नास चालींच्या नियमाचे भांडण शेवटी यंत्राच्या पोटातही शिरले. हॉलंडच्या रोनाल्ड डे मान यांनी २०१३ मध्ये ‘सिझिजी’ नावाचे टेबलबेस बनवले. २०१८ मध्ये त्यांची सात मोहऱ्यांची आवृत्ती पुरी झाली. सुमारे ४२४ लाख कोटी मांडण्यांचा हिशेब सुमारे १८ टेराबाइटमध्ये बसवलेला. यात निकाल तीन नाहीत, पाच आहेत. जिंकलेला, बरोबरीचा आणि हरलेला यांच्या जोडीला आणखी दोन रकाने आहेत: पटावर जिंकलेला पण पन्नास चालींच्या नियमाने हातचा जाणारा, आणि पटावर हरलेला पण त्याच नियमाने वाचणारा. टपालाने किंवा आता संगणकावरून महिनोन्‌महिने चालणाऱ्या पत्रव्यवहारी बुद्धिबळात मात्र त्याच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार टेबलबेसचा निकाल दाखवून डाव जिंकल्याचा दावा करता येतो, पन्नास चालींची आडकाठी न येता. म्हणजे तीच मांडणी सभागृहात समोरासमोर बसून खेळली तर बरोबरी, आणि घरी बसून खेळली तर विजय.

आज कोणतीही मोठी स्पर्धा पाहणाऱ्याच्या पडद्यावर पटाच्या कडेला कोण वरचढ आहे हे दाखवणारी इंजिनाची काळी-पांढरी पट्टी असते. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जलद डावांवर आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजारो घरांत लोक हीच पट्टी पाहत होते. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख काळी मोहरी घेऊन कोनेरू हंपीविरुद्ध खेळत होती. घड्याळात दोघींकडेही वेळ उरला नव्हता. शेवटाच्या टप्प्यात पट्टीचा कौल एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत राहिला. घरी बसलेल्यांना प्रत्येक चूक तत्क्षणी दिसत होती, आणि पटावरच्या दोघींना ना पट्टी दिसत होती ना आकडा. शेवटची चूक हंपीकडून झाली. दिव्याने विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. डावानंतर बोलताना, डावाच्या शेवटांचा अभ्यास आपल्याला अजून करायला हवा, हे तिने मोकळेपणाने सांगितले.